पिवळी खूण

१

चढावर गिअर सुटला. विकासला एवढंच आठवत होतं.

मिराबाईच्या रानाची वाट मुरमाची, टेकडीच्या कुशीतून वर जाणारी. मागं शेणखतानं भरलेली ट्रॉली, डोक्यावर चैताचं ऊन. अर्ध्या चढावर गिअरची दांडी आपसूक मधोमध येऊन उभी राहिली आणि ट्रॅक्टर उलट्या पावली खाली निघाला. ब्रेक लागेपर्यंत ट्रॉली आडवी झाली, तिनं ट्रॅक्टरलाही कलंडवलं. मिराबाईचा पोरगा वाचला. त्याचा उजवा पाय वाचला नाही.

ट्रॅक्टर जुना, पण दारात नवाच आलेला. नवऱ्यामागं मिराबाईनं थोडंसं कोरडवाहू रान एकटीनं सांभाळलं होतं. दर पेरणीला दुसऱ्याच्या ट्रॅक्टरमागं हिंडायचं, 'उद्या येतो' ऐकायचं आणि तोवर मातीतली ओल, वापसा निघून जायचा. त्याला कंटाळून तिनं हा घेतला. निवडून दिला थावरानं.

सेनगावकडच्या त्या तांड्यावर थावराचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. त्याचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख हिंडलेले. बैल गेले, ट्रॅक्टर आले, पारख तेवढी राहिली. "थावरानं पाहिला का?" असं विचारल्याशिवाय कोणी जुनं यंत्र घेत नसे. तो दलाली घेत नव्हता, चहा घ्यायचा. बायका जात्यावर म्हणायच्या ती ओवी तो मिशीतल्या मिशीत गुणगुणायचा:

*बैल घ्यावा दातावरून, घागर घ्यावी नादावरून…*

आता अपघातानंतर गिअरपेटी उघडली, तर आतले दात उंदरानं कुरतडल्यासारखे. ती झीज पंधरवड्याची नव्हती, वर्षांची होती. तांडा कुजबुजायचा थांबला आणि मोठ्यानं बोलू लागला: थावरानं सौद्यात खाल्लं. तांड्याच्या नायकानं सांगितलं, पुनवेला पंच बसतील. खाल्लं असं ठरलं, तर थावराला यापुढं ना सौद्यात बोलवायचं, ना सोयरिकीत.

जहांगीर जमादार सेनगावहून जीपनं आला तेव्हा थावरा ओट्यावर बसला होता. पुढ्यातली भाकरी वाळून कडक झालेली. जहांगीर पोलिसातून निवृत्त झाला होता, पण 'जमादार' हे नाव काही निवृत्त झालं नव्हतं. दोघांची दोस्ती मिसरूड फुटायच्या आधीची.

"जहांगीर, मला आत टाक," थावरा म्हणाला, "पर खाल्लं म्हणू नको."

"खाल्लं असतंस तर असा वाळला नसतास. कसा पाहिला व्हता, ते सांग."

थावराच्या डोळ्यांत जरा उजेड आला. "सकाळीच गेलो वसमतला, न सांगता. विकणाऱ्या नरसिंगच्या आखाड्यावर, त्याच्या रानातल्या वस्तीवर. पयला हात बॉनेटवर ठेवला. गरम लागलं तर समजायचं, आपण यायच्या आधीच चालू करून ठेवलंय, गारठ्यात उठत न्हाई. हे गार व्हतं, अन् चाबी फिरवली की उठलं. धूर निळा न्हाई, पांढरा न्हाई. ऑइलची काडी दुधाळ न्हाई. लिफ्टवर नांगर उचलला, मशीन बंद केली, निवांत चहा पेलो. नांगर बोटभर खाली आला न्हाई. टायर झिजले व्हते, झिजू दे, टायर बदलता येतं. रंग उडाला व्हता, लई बरं. नव्या रंगाखाली जुनं पाप असतं."

"आणि गिअर?"

"भरली ट्रॉली लावून चढावर नेला. रेस दिली, सोडली, पुन्हा दिली, पुन्हा सोडली. झिजलेली पेटी असंल तर तिथंच दांडी फेकते. हालली न्हाई."

"मग पेटी बदलली."

"न्हाई." थावरानं मान खाली घातली. "आमची एक चाल हाय. बैल पसंत पडला की शेपटीखाली गुपचूप हळदीचं बोट लावायचं, दुसराच बैल गळ्यात पडू नये म्हणून. मी ट्रॅक्टरला बी लावतो. तेलात कालवलेली हळद. गिअरपेटीच्या पोटाला एक खोबण हाय, तिथं."

"कोणाकोणाला ठाऊक हाय?"

थावरानं वाळकी भाकर बाजूला सारली. "ही खूण घराबाहेर गेली न्हाई."

मिराबाईच्या कुडाला टेकून मोडका ट्रॅक्टर उभा होता. जहांगीर धापा टाकत त्याच्या पोटाखाली सरपटला. बॅटरी मारली. खोबणीत अंगठ्याएवढी हळद होती. पिवळीजर्द.

तो तसाच पडून राहिला. खूण जागेवर असेल तर पेटी तीच. पेटी तीच असेल तर थावरा खोटा.

२

वसमतच्या वाटेवर हवाच पिवळी असते. नरसिंगच्या आखाड्यावर हळद शिजून, वाळून पॉलिशच्या ड्रममध्ये खडखडत होती. माणसांच्या भुवया, कुत्र्याची पाठ, पाण्याचा माठ, सगळ्यावर हळद. इथं रोजच एखादं लग्न असावं तसं.

"बसा, जमादार. लगीनघरी आल्यावानी जेवूनच जा," नरसिंग म्हणाला. मोठा बागायतदार. आवाजही तसाच, आखाडाभर पुरणारा. त्याच्या बाजूला दलाल दिपक बसला होता. सौदा त्यानंच जुळवून दिला होता.

वरण वाढता वाढता वाटी कलंडली आणि जहांगीरच्या पांढऱ्या कुर्त्यावर पिवळा ओघळ आला.

"बराबर झालं," दिपक हसला. "वसमतला येऊन कोरं कोणी जात न्हाई."

"ट्रॅक्टर काहून विकला?" जहांगीरनं कुर्ता पुसत विचारलं.

"पोरानं मोठा घेतला. जुना पडून राहण्यापरीस एखाद्या गरिबाच्या कामाला यावा," नरसिंग म्हणाला. "त्याच्या पेटीला कधी पाना लागला न्हाई. तुमचा थावरा आला, अर्धा दिवस त्याला हुंगत बसला. मी म्हणलं, बाबा, ट्रॅक्टर घेऊन राहिला का सून बघून राहिला?"

जेवणानंतर जहांगीर दिपकच्या शेडवर गेला. तिथं एका कोपऱ्यात जुन्या गिअरपेट्यांची रास होती, कसायाच्या दुकानात मुंडकी ठेवावीत तशी.

"या कशाच्या?"

"भंगाराच्या. तुमच्या डोक्यात काय येऊन राहिलं ते कळतंय मला." दिपक हसला नाही. "जमादार, मी जिभेवर पोट भरतो, पान्यावर न्हाई. सौदा झाला, मिराबाई म्हणली पूजेला धुऊन पुसून पाहिजे. मी ट्रॅक्टर औंढ्याला मुबश्शीरच्या गॅरेजला धाडला. तिथून थावराच्या प्रेमदासनं नेला. माझा संबंध तिथं तुटला."

३

मुबश्शीर चाकाखालून बाहेर आला तो रागातच.

"चच्चा, तुमी पण? सगळा तांडा म्हणून राहिला, मिस्त्रीनं पेटी काढली. देवाला जाणारी गर्दी रोज या दुकानासमोरून जाते, चोरीची पेटी ठेवू कुठं? टोपीखाली?"

"चोर म्हणलं का मी?"

"म्हणलं न्हाई. पण आले की इथंच."

जहांगीरनं खिशातली बडीशेप काढून त्याच्यापुढं धरली. मुबश्शीरनं घेतली. राग थोडा चघळला गेला.

"काय काय केलं ट्रॅक्टरला?"

"धुतला, बस. तेल-मातीचा असा थर होता की पान्याला नट सापडेना. आधी डिझेल मारलं, मग धुण्याच्या सोड्याचं कडक पाणी. वर-खाली, पोटातून, सगळीकडून. साध्या पाण्यानं धुवायला पाणी होतं कुठं? टँकर आला नव्हता. फडक्यानं पुसला अन् उन्हात वाळू दिला."

"मग?"

"शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजाआधी प्रेमदास घेऊन गेला. घाईत होता."

जहांगीरचं चघळणं थांबलं. "मिराबाईच्या दारात ट्रॅक्टर सोमवारी आला."

"मग त्याला विचारा," मुबश्शीर पुन्हा चाकाखाली शिरत म्हणाला, "मधे कुठं पावना गेला होता ते."

४

प्रेमदास, थावराचा एकुलता एक. त्याचा स्वतःचा, भाड्यानं फिरवायचा ट्रॅक्टर होता. त्याच कंपनीचा, त्याच वयाचा. जहांगीर तांड्यावर पोचला तेव्हा तो भरलेली ट्रॉली घेऊन त्याच मुरमाच्या चढावर चढत होता. यंत्र एका सुरात गात वर गेलं, तसंच शांतपणे उतरून दारात आलं.

"सोमवारपर्यंत मुबश्शीरकडंच तर उभा व्हता," प्रेमदास म्हणाला. "म्हणला, काम राहिलंय. काका, त्या गॅरेजवाल्याला धरा की. का आपला माणूस म्हणून सोडून राहिले?"

"माझा माणूस तर तुझा बाप हाय रे," जहांगीर म्हणाला आणि बुटाची नाडी बांधायला वाकला. वाकल्या वाकल्या त्याला दिसलं, सीटखालच्या कडीला जुन्या ट्यूबची एक लांब पट्टी लोंबत होती. मधोमध घासून गुळगुळीत झालेली.

मिराबाई कडुनिंबाच्या सावलीत बसून विकासच्या उरलेल्या पायाला तेल चोळत होती. आरोप नाही, आकांत नाही. पंचांपुढं बोलणार का, असं विचारलं तर म्हणाली, "पाय गेला. आता कोणाचं नाक कापून तो येतो का?"

"प्रेमदासच्या सीटखाली ट्यूबची पट्टी कशाची हाय, मिराबाई?"

"ती व्हय? दांडी बांधायची. त्याचा ट्रॅक्टर चढावर गिअर फेकायचा ना, मग दांडी वढून त्या पट्टीनं बांधायचा अन् चालवायचा. लेकरं चिडवायची, प्रेमदासनं ट्रॅक्टरला दावं लावलंय म्हणून."

"अजून बांधतो?"

तिचा हात थांबला. "हळदीचा मोसम लागल्यापासून न्हाई बघितलं."

मग विकासच म्हणाला, "जमादार काका, चूक माझीच व्हती. थावराबाबा म्हणले व्हते मला."

"काय म्हणले?"

"ट्रॅक्टर आला त्या सांजी ते खाली शिरले, खूण का काय बघितली. बाहेर आले ते गुमान. नारळ फोडायला बी थांबले न्हाईत. जाता जाता म्हणले, 'लेकरा, काही दिवस चढावर नेऊ नको याला.' मी म्हणलं, जुनं माणूस, उगा भ्यायलंय."

ज्यानं तो ट्रॅक्टर भरल्या ट्रॉलीनिशी चढावर तपासला, त्यानंच चढाची भीती का घालावी? जहांगीर उठला. त्याच्या मनात एक दार किलकिलं झालं होतं, आणि ते उघडू नये असं त्याला फार वाटत होतं.

५

"अजी, ये क्या कर को आए?" फातिमाबीनं कुर्ता उचलून धरला. "बच्चे भी ऐसा नहीं खाते."

ती अंगणात धुणं घेऊन बसली. जहांगीर खाटेवर बसून बडीशेपेचे दाणे एकेक करून टाकत होता. प्रेमदासकडं पेटी बदलायला कारण होतं. मधले दिवस होते. पण खूण? खूण तर जागेवर पिवळीजर्द होती. ती एक हळद साऱ्या संशयावर बोट ठेवून म्हणत होती, पेटी तीच आहे.

"या अल्ला," फातिमाबी वैतागली.

त्यानं वळून पाहिलं. पांढऱ्या कुर्त्यावर, साबणाच्या फेसात, वरणाचा पिवळा ओघळ लालभडक झाला होता. कोणी छातीत सुरी मारावी तसा.

"ये क्या हुआ?"

"क्या हुआ म्हणजे?" ती हसली. "इतनी उम्र हुई, कभी कपडा धोए तो मालूम पडता. हळद को साबन लगा, सोडा लगा, लाल होतीच. सादे पानी से खंगाले तो फिर पीली. कुंकू कैसा बनता फिर?"

जहांगीरच्या हातातली बडीशेप खाली सांडली.

मुबश्शीरनं तो ट्रॅक्टर सोड्यानं धुतला होता. वर-खाली, पोटातून. आणि वर साधं पाणी पडलं नव्हतं.

थावराचं वाक्य त्याला पुन्हा ऐकू आलं. ही खूण घराबाहेर गेली न्हाई. त्यानं ते ऐकलं होतं एका अर्थानं. थावरानं कदाचित दुसऱ्याच अर्थानं सांगितलं होतं.

६

पुनवेच्या दिवशी ऊन उतरल्यावर कडुनिंबाखाली तांडा जमला. नायक मधे, पंच दोन्ही अंगांना, बायका मागं. थावरा एकटा बसला होता, पंचांपुढं, पागोटं मांडीवर घेऊन. प्रेमदास आपल्या ट्रॅक्टरला टेकून उभा होता.

"खूण जागेवर हाय," नायक म्हणाला. "म्हणजे थावरानं पसंत केलेली पेटी हीच. आता बोला, जमादार."

जहांगीरनं बायकांकडं पाहिलं. "मी पोलिसातला. मला तपास येतो, धुणं येत न्हाई. तुमी सांगा. हळदीच्या डागाला सोडा लावला, तर काय व्हतं?"

"लाल व्हतो की," चार-पाच जणी एकदम म्हणाल्या. एकीनं पुस्ती जोडली, "जमादाराला बायको न्हाई वाटतं." थोडं हसू उठलं.

"हा ट्रॅक्टर मुबश्शीरनं सोड्यानं धुतला. खालून बी. प्रेमदास, तुझ्या समोर?"

"व्हय," प्रेमदास म्हणाला. "मग?"

हसू थांबलं. मागं बसलेल्या बायकांना आधी कळलं. मग ते शांतपण पुढं सरकत पंचांपर्यंत आलं. पुरुषांना समजायला तेवढा वेळ लागला.

मिराबाई उठली. घरात गेली, वाटीत सोडा कालवून आली. कोणाला काही न विचारता ती आपल्या मोडक्या ट्रॅक्टरखाली शिरली. नायक आणि पंच वाकून पाहत होते. तिनं खोबणीतल्या पिवळ्या खुणेवर बोट ओलं करून फिरवलं. सगळ्यांच्या देखत हळद लाल झाली.

"हिला याआधी सोडा लागला न्हाई," ती बाहेर येऊन म्हणाली. "धुतल्यावर लावलीये."

"कोणी?" नायकानं विचारलं. "खूण कोणाला ठाऊक व्हती?"

"ज्याला खूण ठाऊक व्हती, त्याच्याकडं खरी पेटी हाय," जहांगीर म्हणाला. आवाज मोठा नव्हता त्याचा. "थावराचं बोट लागलेली पेटी सोड्यानं धुतली गेली. तिची खूण लाल असंल. ज्या ट्रॅक्टरची दांडी आधी बांधून ठेवावी लागायची अन् आता लागत न्हाई, तिथं बघा."

कोणी बोट दाखवलं नाही. गरज नव्हती. प्रेमदास ट्रॅक्टरपासून एक पाऊल बाजूला झाला. जणू तो कुणा दुसऱ्याचा आहे. एक पंच खाली शिरला. तिथूनच त्याचा आवाज आला, मातीतून यावा तसा.

"हाय. लाल हाय."

प्रेमदास मग खूप बोलला. मोसम तोंडावर होता. भाडी हातची चालली होती. मेहुण्याच्या शेडात दोन्ही ट्रॅक्टर उघडले, पेट्या बदलल्या. मिराबाईचं रान थोडकं, तिला पेटी कितीशी लागणार होती? दांडी बांधून चालवायला तो विकासला शिकवणार होता, सवडीनं. तो बोलत राहिला आणि कोणीच ऐकत नव्हतं.

नायक उठून थावराजवळ आला. "बाबा, माफी करा. तांड्यानं तुमच्यावर आळ घेतला. तुमची पारख खरी व्हती." त्यानं मांडीवरचं पागोटं उचलून थावराच्या डोक्यावर ठेवायला हात पुढं केला.

जहांगीर याच क्षणासाठी आला होता. वसमत, औंढा, तांडा, सगळी पायपीट याचसाठी. आणि नेमक्या याच क्षणी त्यानं डोळे खाली घातले.

"थांबा," मिराबाई म्हणाली.

ती थावरासमोर येऊन बसली. हातातली वाटी खाली ठेवली. बोटाचं टोक अजून लाल होतं.

"काका, मी बाईमाणूस, ट्रॅक्टरचं मला कळत न्हाई. हळदीचं कळतं. तुमाला बी कळतं. जन्मभर खूण लावली तुमी. ट्रॅक्टर त्या सांजी धुऊन चकचकीत आला, आरशावानी. तुमी खाली शिरले. पिवळं बघितलं." ती थांबली. "पिवळं बघून तुमाला कळलं न्हाई का?"

थावरा मांडीवरच्या पागोट्याच्या घड्या चाचपत राहिला.

"कळलं. म्हणून नारळाला थांबले न्हाईत. म्हणून माझ्या लेकराला म्हणले, चढावर नेऊ नको." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं वाटलं असतं सगळ्यांना. "अर्धं सांगितलं, काका. उरलेलं अर्धं काहून सांगितलं न्हाई?"

थावरानं प्रेमदासकडं पाहिलं. मग दूर, कुडाला टेकवलेल्या विकासकडं. ओठ हलले.

"लेक हाय माझा," तो म्हणाला.

"विकास बी माझा लेकच हाय."

नायकाचा पागोटं धरलेला हात तसाच वर राहिला. मग त्यानं ते हळूच पुन्हा थावराच्या मांडीवर ठेवलं, जिथून उचललं होतं तिथंच. 'खाल्लं' असं कोणी म्हणालं नाही. त्या बैठकीत थावराची दलालीच्या आळातून सुटका झाली, आणि त्यानंतर त्याला कोणी काही विचारायला आलं नाही. खरी पेटी मिराबाईला परत मिळाली. ट्रॅक्टर चढावर पुन्हा गाऊ लागला. दुसऱ्याचं पोरगं तो चालवतं.

त्या सांजी जहांगीर जीपची वाट बघत वाटेवर उभा होता. थावरा मागून आला आणि शेजारी उभा राहिला. दोघांची सावली मुरमावर लांब पडली होती, एकमेकींना न टेकता.

"तू माझा शब्द वाचवायला आला व्हता," थावरा म्हणाला.

"व्हय."

"मग थोडं कमी शोधायचं व्हतं रे."

जीप आली. जहांगीर चढला. वळणावरून त्याला तांडा दिसला, चुली पेटलेल्या, आणि कुठल्याशा घरातून जात्याची घरघर. ओवी अर्धीच ऐकू आली, पण थावरा कधीच म्हणत नसे ती पुढची ओळ त्याला आता पाठ होती:

*बैल घ्यावा दातावरून, घागर घ्यावी नादावरून,*
*माणूस घ्यावा कशावरून, सांग पारख्या, सांग.*